मे महिन्यात न थांबणारा एसी लहान नसतो

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या दुकानांत साधारण एकच संवाद ऐकू येतो. "खोली केवढी आहे, भाऊ?" "बारा बाय बारा." "मग दीड टनाचाच घ्या. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. एक टनात भागायचं नाही." गिऱ्हाईकालाही ते पटतं, कारण ऊन खरंच तसं आहे. भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे गेला तर तिथल्या माणसाला त्याची बातमीही वाटत नाही.

पण या संवादात खोली वर आहे की खाली, हे कुणी विचारलं नाही. स्लॅब उघडा आहे की त्यावर अजून एक मजला आहे? खिडकी पश्चिमेला आहे का? एसीचा आकार याच गोष्टींवर ठरतो. बारा बाय बारा हा आकडा त्यात सर्वांत कमी कामाचा आहे.

टन म्हणजे काय, तेवढं आधी पाहू. एसीच्या मशीनच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. साठवलेला नैसर्गिक बर्फ वापरून थंडावा मिळवायचे त्या काळातलं हे माप आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तो थंडाव्याचा एक टन. आजच्या भाषेत ३.५ किलोवॅट. म्हणजे एक टनाचा एसी दर सेकंदाला ३,५०० ज्यूल, म्हणजेच ३,५०० वॅट, उष्णता खोलीतून उचलून बाहेर टाकतो. तेव्हा प्रश्न सरळ आहे: खोलीत दर सेकंदाला उष्णता किती शिरते? जेवढी शिरते तेवढी बाहेर काढणारा एसी योग्य. बरीच जास्त काढू शकणारा एसी मोठा.

दोन खोल्या घेऊ. दोन्ही बारा बाय बारा, उंची दहा फूट, बाहेर ४४ अंश, आत २६ हवेत.

पहिली खोली वरच्या मजल्यावर, उघड्या स्लॅबखाली. दुपारच्या उन्हात काळपट पडलेल्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो. नुसता पाच इंची काँक्रीटचा स्लॅब उष्णता फारशी अडवत नाही. त्यातून ढोबळमानाने १,४०० वॅट खाली येतात. पश्चिमेची नऊ इंची विटांची भिंत ४५० वॅट देते, बाकीच्या भिंती मिळून ८००. खालच्या खोलीत एसी नसेल तर जमिनीतूनही ३०० वॅट येतात. पश्चिमेच्या चार बाय चारच्या खिडकीतून, सावली नसेल तर, ८०० वॅट. दाराच्या फटींतून शिरणारी गरम हवा २३० वॅटची. तीन माणसं, टीव्ही आणि पंखा यांचे ३७०. बेरीज झाली ४,३५० वॅट, म्हणजे जवळजवळ सव्वा टन.

दुसरी खोली त्याच घरात, तळमजल्यावर, उत्तरेच्या बाजूला. वर मजला आहे, त्यामुळे छतातून ३०० वॅटच येतात. भिंती सावलीतल्या, त्यांचे ११५०. खिडकीवर ऊन नाही, तिचे ३००. फटी आणि माणसं पहिल्या खोलीइतकीच. एकूण २,३५० वॅट, म्हणजे पाऊण टनाच्याही आत.

हे आकडे अंदाजाचे आहेत. भिंतीची जाडी, रंग, माणसांची ये-जा बदलली की तेही बदलतील. पण फरकाची दिशा बदलणार नाही. एकाच घरातल्या, एकाच मापाच्या दोन खोल्यांपैकी एकीला दुसरीच्या जवळपास दुप्पट थंडावा लागतो. दुकानदाराने मात्र दोन्हींसाठी दीड टनच सांगितला असता.

यात एक गोष्ट मिळवायला हवी. एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. खानदेशात एप्रिल-मे महिन्यात दुपारी ३५ अंश कुठे असतात? बाहेरची हवा जितकी गरम, तितकं एसीला उष्णता बाहेर टाकणं जड जातं. ४४-४६ अंशांत साधा एसी छापील आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी काम करतो. म्हणून पहिल्या खोलीच्या ४,३५० वॅटसाठी कागदावर पाच हजार वॅटच्या आसपास क्षमता हवी. तिथे दीड टन बरोबर आहे. दुसऱ्या खोलीला २,७०० वॅट पुरतात. म्हणजे ०.८ टनाचा एसी भागवेल, एक टनाचा आरामात. जाहिरातीत "५२ अंशांतही चालतो" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मशीन बंद पडत नाही एवढाच. तेव्हा ते किती थंडावा देतं, तो आकडा वेगळा मागावा लागतो. ४६ अंशांवरची चाचणी आंतरराष्ट्रीय मानकात आहे आणि काही कंपन्या तो आकडा देतातही.

मोठा असला तर बिघडलं कुठे?

ही शंका प्रामाणिक आहे. लग्नाच्या पंगतीत चार पानं जास्त मांडलेली बरी, असा आपला स्वभाव. एसीत मात्र जास्तीचा भाग पडून राहत नाही, तो प्रत्येक फेरीत आडवा येतो.

विहिरीला झरा बारीक आणि वर साडेसात हॉर्सपॉवरची मोटर बसवली तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. दहा मिनिटांत विहीर आटते, मोटर बंद करावी लागते, पाणी साचलं की पुन्हा चालू. मोठ्या एसीचंही तेच. पाच-सात मिनिटांत खोलीची हवा ठरवलेल्या अंशावर येते, कॉम्प्रेसर (बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबणारा पंप) थांबतो, हवा तापते, पुन्हा सुरू. कॉम्प्रेसरची झीज सर्वांत जास्त सुरू होताना होते आणि सुरुवातीच्या मिनिटांत तो थंडावा कमी देऊन वीज पूर्ण घेतो.

खरा त्रास मृगानंतर कळतो. एसीची दोन कामं असतात, हवा थंड करणं आणि हवेतलं पाणी काढणं. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की दुसऱ्या कामाची गरजच पडत नाही. जुलै ते ऑक्टोबर मात्र तेच मुख्य काम होतं. आतल्या युनिटमधल्या थंड नळ्या-पत्र्यांवर बाष्प जमतं, थेंब मोठे होतात, मग ते ओघळून नळीवाटे बाहेर पडतात. या ओघळण्याला वेळ लागतो. कॉम्प्रेसर पाच मिनिटांत थांबला तर पत्र्यांवरचं पाणी तिथेच राहतं, पंखा चालूच असतो, आणि तेच पाणी पुन्हा खोलीत उडून जातं. खोली थंड होते पण ओलसर राहते. चादर गार लागते, अंग चिकट. मग घरातलं कुणीतरी रिमोटवर १८ करतं, खोली आणखी थंड होते, चिकटपणा तसाच. पोळ्याच्या सुमारास असा अनुभव येत असेल तर आधी संशय एसीच्या आकारावर घ्या.

थंड देशांत घर तापवायला तळघरात गॅसची भट्टी असते आणि तिच्याबाबतही हाच वाद चालतो. तिथेही बसवणारा "असू द्या थोडी मोठी" म्हणतो आणि भट्टी वारंवार पेटत-विझत राहते. पण गरम करण्यात बाष्प काढायचं काम नसतं. म्हणून अमेरिकेतल्या ठेकेदारांच्या नियमावलीत भट्टी गरजेच्या १.४ पटींपर्यंत चालवून घेतात, आणि एका गतीच्या एसीला साधारण १.१५ पटींवर थांबवतात. आपल्याकडे भट्टी नाही, सगळा मामला एसीचाच, म्हणून आपल्याला सूट कमी.

घरच्या घरी मोजायचं कसं

यासाठी कुणाला बोलवायची गरज नाही. घड्याळ, भिंतीवर लावायचं साधं थर्मामीटर आणि मे महिन्यातली एक कडक दुपार एवढं पुरे.

पारा ४३-४४ ला जाईल असा दिवस निवडा. दुपारी एकला दारं-खिडक्या लावून एसी २६ वर ठेवा. पहिले दोन तास मोजू नका. त्या वेळात एसी भिंती, फरशी, कपाट, गाद्या यांत साठलेली उष्णता काढत असतो. त्यानंतर तीन ते सहाच्या दरम्यानचा एक तास धरा आणि बाहेरचं युनिट त्यात किती मिनिटं चाललं ते लिहा. आतला पंखा चालू असतो म्हणून फसू नका. कान बाहेरच्या युनिटकडे हवा.

बाहेरचं युनिट साठच्या साठ मिनिटं चाललं आणि खोली २६ ला टिकून राहिली, तर तुमचा एसी घराला अचूक बसला आहे. २७ पर्यंत सरकली तरी चिंता नाही, तो वर्षातला सर्वांत वाईट तास होता. लोक नेमकं याच दिवशी "एसी थांबतच नाही, लहान पडला" म्हणून पुढच्या वर्षी दोन टनाचा आणतात. हा गैरसमज महागात पडतो.

चाळीसच मिनिटं चालला तर? दीड टन गुणिले चाळीस भागिले साठ, उत्तर एक टन. खोलीची गरज एक टनाची आहे आणि तुम्ही दीडपट मशीन लावलंय. तीसच मिनिटं चालला तर दुप्पट. एका फेरीत कॉम्प्रेसर सलग दहा मिनिटंही टिकत नसेल तर पावसाळ्यात दमट खोलीची तयारी ठेवा.

इन्व्हर्टर एसीला ही युक्ती पुरत नाही, कारण तो थांबण्याऐवजी गती कमी करतो. तिथे विजेचं मीटर कामाला येतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती लुकलुकी ते मीटरवरच छापलेलं असतं. ३२०० हा नेहमी दिसणारा आकडा. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि एक मिनिट लुकलुकी मोजा. ८० आल्या तर ८० गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे दीड किलोवॅट. एसीच्या पट्टीवर लिहिलेल्या पूर्ण विजेच्या जवळपास आकडा आला तर एसी मेच्या दुपारी पूर्ण ताकदीने काम करतोय, म्हणजे माप बरोबर. त्याच दुपारी तो निम्म्याहून कमी वीज घेत असेल तर मोठा आहे.

इन्व्हर्टरसाठी मोठेपणा थोडाफार चालून जातो. पण त्यालाही खालची मर्यादा असते. ऑगस्टच्या रात्री पुन्हा मोजा. मिनिटाला १५-१६ लुकलुकींवर, म्हणजे ३०० वॅटवर, तो शांतपणे चालत राहिला तर उत्तम. काही मिनिटं जवळजवळ शून्य, मग एकदम तीस-चाळीस, मग पुन्हा शून्य असं होत असेल तर त्याची किमान गतीसुद्धा तुमच्या खोलीला जास्त होतेय. म्हणून इन्व्हर्टर घेताना किमान क्षमता किती ते जरूर विचारा. दुकानात सहसा फक्त कमाल क्षमताच सांगतात.

एक सावधगिरी मात्र हवी. एसी वारंवार थांबतो म्हणजे तो मोठाच आहे असं नाही. थांबला त्या क्षणी खोलीतलं थर्मामीटर बघा. २६ असेल तर काम संपवून थांबला. ३१ असेल तर तो काम न संपवताच पडला. गावाकडच्या फीडरवर संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं आणि कॉम्प्रेसर संरक्षणासाठी बंद होतो. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात, भिंतीला चिकटवून बसवलं असेल तर तेही तापून बंद पडतं. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या युनिटच्या जाळीवर कापसाचा भुरका बसतो, हवा जातच नाही. आणि आतल्या युनिटसमोर उंच कपाट किंवा जाड पडदा असेल तर थंड हवा आपटून परत त्याच्याच सेन्सरवर येते, त्याला वाटतं खोली थंड झाली. या चारही प्रकारांत एसीचा आकार निर्दोष असतो, आणि मोठा एसी आणल्याने यातलं काहीच सुधारत नाही.

छताला हात लावून बघा

"माझी खोली वरची आहे, एसी २५ दाखवतो, तरी गरम होतं." हे वाक्य खानदेशात घराघरात आहे आणि त्यातली माणसं खोटं बोलत नाहीत. रात्री नऊला स्टुलावर चढून स्लॅबच्या खालच्या बाजूला तळहात टेकवा. काँक्रीट दुपारचं ऊन लगेच आत सोडत नाही, तीन-चार-पाच तासांनी सोडतं. म्हणून सूर्य मावळल्यावर, जेवणं झाल्यावर, झोपायच्या वेळी छत सर्वांत तापलेलं असतं. पूर्वी सगळं गाव गच्चीवर झोपायचं ते याचमुळे.

४० अंशांचं छत डोक्यावर असेल तर ते अंगाकडे सरळ उष्णता फेकत राहतं. मधली हवा २५ असली तरी. ही उष्णता हवेतून जात नाही, चुलीसमोर बसल्यावर लागते तशी लागते. एसी फक्त हवा थंड करतो. तो दोन टनाचा आणला तर हवा २२ होईल, छत ३८ होईल, आणि तुम्ही पांघरूण घेऊन घामेजलेले असाल.

जुन्या धाब्याच्या घरात हा प्रश्न नव्हता. फूटभर माती आणि खाली लाकूड, उष्णता येता येता रात्र सरायची. ती घरं पाडून आपण स्लॅब टाकले, आणि मातीचं काम एसीकडे सोपवलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण उपाय स्वस्त होता आणि आजही आहे. निवासी इमारतींसाठी २०१८ साली आलेल्या 'इको निवास संहिते'त छतातून उष्णता जाण्याची मर्यादा चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला, १.२ वॅट अशी घातली आहे. आपला उघडा स्लॅब त्याच्या अडीच-तीन पट सोडतो.

होळी झाली की गच्ची झाडून दोन हात पांढरा चुना, किंवा बजेट असेल तर परावर्तक पांढरा रंग. पांढऱ्याला ऊन लागतं पण मुरत कमी. आपल्या पहिल्या खोलीतले स्लॅबचे १,४०० वॅट त्याने जवळजवळ निम्मे होतात. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी शेडनेट किंवा वाळ्याचा पडदा लावला तर ८०० चे ३०० होतात. बाहेरून, हे महत्त्वाचं. आतला पडदा आत आलेलं ऊन अडवतो, आणि ते ऊन तोपर्यंत तुमचं झालेलं असतं. या दोन कामांनी ४,३५० ची बेरीज ३,२०० वर येते. उन्हाची तूट धरूनही एक टन जवळजवळ पुरतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चुना, आधी सावली, मग एसी. उलट केलं, दीड टन बसवून नंतर गच्चीवर रंग मारला, तर काल बरोबर असलेला एसी आज मोठा झाला.

कूलरचंही बोलायला हवं. मे महिन्यात ४३ अंश आणि हवेत १५ टक्के दमटपणा असताना चांगल्या जाळीचा कूलर २८ अंशांच्या आसपासची हवा देतो, तीही दोनशे वॅटच्या आत. आपल्या भागाला मिळालेली ही सोय कोकणाला नाही. ज्या घरात मे कूलरवर निघतो आणि एसी पाऊस सुरू झाल्यावर लागतो, त्यांनी एसी पावसाळ्याच्या गरजेने निवडावा, तो बराच लहान निघेल. फक्त एसी चालू असलेल्या बंद खोलीत कूलर लावू नका. एसी बाष्प काढणार, कूलर ते परत घालणार, आणि मीटर दोघांसाठी फिरणार.

मोठा एसी आधीच भिंतीवर असेल तर तो काढून टाकायची घाई नको. 'कन्व्हर्टिबल' लिहिलेल्या इन्व्हर्टरमध्ये ताकद ६० किंवा ४० टक्क्यांवर बांधून ठेवता येते. पावसाळ्यात ते बटण वापरा. साध्या एसीत आतल्या पंख्याची गती सर्वांत कमी ठेवा, हवा नळ्यांवरून सावकाश गेली की पाणी जास्त सुटतं. शेजारच्या खोलीचं दार उघडं ठेवून दोन खोल्या एका एसीवर घेता येतात का तेही बघा, पुष्कळदा दीड टनाला तेवढंच काम हवं असतं. आणि घरातच वरची तापणारी खोली बिनएसीची असेल तर एसी तिकडे हलवा, खाली एक टनाचा आणा. हलवायचं काम दिवाळीनंतर काढा. मिस्त्री मोकळे असतात, तांब्याची नळी नीट मापून, व्हॅक्यूम करून, गॅस तोलून भरायला त्यांच्याकडे वेळ असतो. एप्रिलमध्ये त्याच माणसाला दिवसाला दहा घरं करायची असतात.